कमरेचं रडणं

शार्शेनच्या कमरेत उसण भरली ती भावाच्या दारात, कोळशाची बादली खाली ठेवताना. उचलताना भरली असती तर निदान स्वतःच्या दारात भरली असती आणि पुढचा सगळा गोंधळ टळला असता. पण कंबर कधी कुणाला विचारून धरते?

दोघा भावांचं अंगण एक, फाटक एक, कोळशाचा ढीगही एक. बोलणं मात्र चार वर्षं बंद. कारण काय, तर हाड. कासिमालीच्या मुलाच्या लग्नात कासिमाली थोरला म्हणून मटणाची हाडं वाटायला बसला. खुब्याचं हाड मानाचं, ते धाकट्या भावाला जायला हवं होतं. ते गेलं मुलीकडच्या कुठल्याशा बस चालवणाऱ्या चुलत्याला, आणि शार्शेनच्या पुढ्यात आलं खांद्याचं. यात चार वर्षं अबोला धरण्यासारखं काय आहे, असं ज्यांना वाटतं ते आमच्या डोंगराळ नारीन मुलखातल्या पंगतीला कधी बसलेले नाहीत. कासिमालीचं म्हणणं, चुकून गेलं. शार्शेनचं म्हणणं, मग चुकून परत का मागितलं नाही?

नंतर कासिमालीची बायको गेली, मुलगा एल्दियार बायकोला घेऊन कामासाठी रशियात गेला आणि म्हाताऱ्याचं हृदय थकलं. पुढचा हिवाळा निघणं कठीण, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून शार्शेन रोज सकाळी कोळशाची बादली त्याच्या दारात ठेवायचा, एकदा खाकरायचा आणि आतून उलट खाकरणं आलं की परत फिरायचा. जेवण शार्शेनची बायको काल्बुबू न्यायची. शार्शेनला रात्रंदिवस एकच घोर होता. भाऊ गेला की धाकट्याने कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून, त्याच्या दाराबाहेर उभं राहून मोठ्याने रडायचं असतं. अख्खं गाव ते ऐकतं, आणि ऐकून माणसाची किंमत करतं. ज्याच्याशी चार वर्षं एक शब्द बोललो नाही त्याच्यासाठी कोणत्या तोंडाने रडायचं? आणि रडू आलंच नाही तर?

बोलावं तर आधी कुणी बोलायचं, हा प्रश्न होताच. म्हणून बादली.

बादलीनेच कंबर बिघडली. दोन महिन्यांपासून शार्शेन दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या खोलीत जात होता. तिथे बुरुलचाचं राज्य. ही बाई पूर्वी सरोवराकाठच्या आरोग्यधामात कामाला होती आणि तिच्या बोटांना हाडं जरा जास्तच होती. ती आधी वितळलेल्या मेणाचे थर कमरेवर लावून शेक द्यायची, मग ओल्या फडक्यांखाली धातूच्या पट्ट्या ठेवून त्यातून बारीक वीज सोडायची, मग मालीश. मालिशीच्या वेळी शार्शेन ओरडू नये म्हणून दातांत टोपी धरायचा. शेवटी व्यायाम. "काका, कमरेतून वाकायचं नाही, खुब्यातून वाकायचं," हे ती रोज सांगायची, आणि शार्शेन रोज कमरेतूनच वाकायचा. कुत्र्याच्या लोकरीचा एक जाडजूड पट्टा तिने त्याला बांधायला दिला होता. शिवाय बजावलं होतं, की उसण भरलीच तर बसायचं नाही, निजायचं नाही. दोन्ही हात काठीवर टेकून आहे तिथेच उभं राहायचं आणि लांब श्वास सोडायचा. आवाज निघाला तर निघू द्यायचा, गिळायचा नाही.

तर त्या मंगळवारी शार्शेनने बुरुलचाचं प्रथमच तंतोतंत ऐकलं. भावाच्या दारात, कमरेला पट्टा, दोन्ही हात काठीवर, पाठ वाकलेली, आणि तोंडातून लांबलचक "आऽऽ ऊऽऽ". काल्बुबू बाजारात गेली होती. रस्त्यावरून शेजारचा असेक घोडीवरून चालला होता.

असेकने एकदाच पाहिलं. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं, आणि अशा वेळी आमच्याकडे विचारत नाहीतच. आधी रडायचं, मग दुआ मागायची, मग विचारायचं. असेक घोडीवरून उतरला, फाटकातूनच त्याने "दादा गेला रे आमचा, डोंगर गेला," असा टाहो फोडला आणि धावत येऊन शार्शेनला मिठी मारली. नेमकी कमरेला.

शार्शेनच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती तीन गल्ल्यांपलीकडे शाळेत ऐकू गेली. मास्तरांनी वर्ग सोडला.

पाव तासात अंगण भरलं. जो येई तो रडत येई आणि शार्शेनला मिठी मारी. प्रत्येक मिठीला शार्शेन नव्याने ओरडे, आणि ते ऐकून पुढच्याचं काळीज फाटे. "असेक, ऐक, अरे दादा..." एवढं म्हणेपर्यंत त्याचा श्वास संपायचा, आणि दादा म्हटल्यावर सगळे पुन्हा हंबरडा फोडायचे. बायका आपसात बोलू लागल्या, की बघा, चार वर्षं तोंड पाहिलं नाही आणि आज कसा तुटतोय बिचारा. रक्त ते रक्त. शार्शेनच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं, पण ते कशाचं, हे सांगायची सोय नव्हती. कुणीतरी त्याचा पट्टा सैल झालाय म्हणून मायेने आणखी आवळला.

गाव कामाला लागलं. चार जणांनी शाळेच्या कोठारातून तंबू आणून अंगणात उभा करायला घेतला. एकाने रशियात एल्दियारला फोन लावला आणि नुसतं रडून ठेवून दिला, त्याला सगळं समजलं. असेकने छातीवर हात मारून सांगितलं की दादाच्या मयतीच्या जेवणाला माझी घोडी, आणि कुणी नको म्हणायच्या आत ती मागच्या आवारात नेऊन कापलीसुद्धा.

तेवढ्यात काल्बुबू बाजारातून आली. तंबू पाहिला, वाकलेला नवरा पाहिला, हातातली पिशवी टाकून तिने डोक्यावरचा रुमाल ओढला आणि दिराच्या नावाने गळा काढला. तो सूर पुरा लागायच्या आत नवऱ्याने खालून कुजबुजून सांगितलं, "अगं, उसण."

काल्बुबूने रुमाल मागे सारला. तिने तंबूकडे पाहिलं, चुलीवर चढलेल्या मोठ्या कढईकडे पाहिलं.

"आणि दादा?"

"काय माहीत. मला मान वळवता येत नाही."

तिला काही सुचण्याआधीच प्रेताला अंघोळ घालणारे तिघे म्हातारे पांढरं कापड आणि तांब्या घेऊन आत शिरले होते. अंगणातलं रडणं थांबलं. सगळे दाराकडे बघत राहिले. मग कासिमालीचा आवाज आला, "दार लावा आधी, गार वारा येतोय."

नंतर त्याने स्वतःच सांगितलं की पहिली किंकाळी ऐकली तेव्हा तो गोळी घेऊन पडला होता. लोक आपल्याच नावाने रडताहेत हे ऐकून त्याला वाटलं, झालं, सुटलो. मग जोराची लघवी लागली, तेव्हा कळलं की अजून सुटलेलो नाही. पण बाहेर लोक इतकं चांगलं बोलत होते, की मध्येच उठून त्यांना अडवणं त्याच्या जिवावर आलं.

लोक हसले, चिडले, आणि हसणाऱ्यांवर चिडणारे पुन्हा हसले. असेक मात्र हसला नाही. त्याची घोडी कढईत होती. शेवटी म्हाताऱ्यांनी ठरवलं, की माणूस मेला नाही हेही जेवणाचं कारण होऊ शकतं. तंबू उभा होताच. पंगत बसली, आणि अंगणात थोरला म्हणून हाडं वाटायला कासिमालीलाच बसवलं. अंगावर रजई, ओठ निळसर. त्याने पहिलं उचललं ते खुब्याचं हाड. त्याने ते असेककडे दिलं नाही, म्हाताऱ्यांकडे दिलं नाही. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भावाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे त्याला. बसता येत नसेल तर उभ्याने खाऊ दे."

शार्शेनने ते उभ्याने खाल्लं. चार वर्षांनंतर हाड मिळालं ते घोडीचं, पण खुब्याचंच.

तिसऱ्या दिवशी एल्दियार येऊन पोचला, कामावरच्याच कपड्यांत. फाटकातून रडत आत आला तर बाप उन्हात बसून मुळा खात होता. त्याने आधी बापाला मिठी मारली आणि मग काकाला असं काही ऐकवलं, की ते इथे लिहिण्यासारखं नाही. बारा दिवस तो राहिला. बापाची दाढी केली, शेगडीचं नळकांडं बदललं, रोज त्याला धरून फाटकापर्यंत नेलं. जाताना म्हणाला, की मालकाने एकदा सोडलं, पुन्हा सोडणार नाही. हे बापाला कळलं, आणि बापाला कळलंय हे त्यालाही कळलं.

पुढचा सगळा उन्हाळा भाऊ बोलत होते. चार वर्षांचं साठलेलं, त्यातलं बरंचसं बस चालवणाऱ्या त्या चुलत्याबद्दल. शार्शेनने बुरुलचाकडे मेणाचे, विजेचे, मालिशीचे आणखी वीस दिवस पुरे केले. अखेर एके दिवशी तो खुब्यातून वाकला आणि बुरुलचा पहिल्यांदा "शाबास" म्हणाली. गावाला मात्र विषय मिळाला तो मिळाला. शार्शेन काठी घेऊन कुठे जरा टेकला तरी कुणीतरी ओरडायचं, "कुणाची घोडी कापू रे?"

कासिमालीने तो विषय एकदाच काढला. दोघं उन्हात बसले होते.

"त्या दिवशी चांगला रडलास. पण कमरेसाठी रडलास."

शार्शेनने कमरेचा पट्टा जरा सैल केला.

"माझ्यासाठी किती रडशील, ते काही मला ऐकायला मिळणार नाही."

"ऐकू येईल दादा," शार्शेन म्हणाला. "तुम्ही जिथे असाल तिथपर्यंत येईल."

पहिला बर्फ पडला त्या सकाळी शार्शेन बादली घेऊन गेला, खाकरला, आणि आतून उलट खाकरणं आलं नाही. तो आत गेला. भाऊ भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखा होता, आणि हात गार. काल्बुबू मुल्लाला बोलवायला गावाच्या दुसऱ्या टोकाला पळाली. शार्शेनने कुत्र्याच्या लोकरीचा पट्टा कमरेला बांधला, काठी घेतली, दाराबाहेर उभा राहिला आणि वाकला.

रडू येईल की नाही याची इतके दिवस चिंता केली होती. ते असं आलं, की थांबवता थांबेना. "दादा," एवढंच तो ओरडत होता, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा मोठा निघत होता.

रस्त्यावरून दोघं गेले. एक म्हणाला, पुन्हा धरली वाटतं. दुसरा हसला. दूधवाली थांबली आणि कुंपणावरून त्याला मिठाची पुरचुंडी गरम करून बांधायला सांगून निघून गेली. असेकने आपल्या दारातूनच हाक मारली, "शार्शेन, लेका, या खेपेला माझ्याकडे गाढव आहे फक्त."

शार्शेनने मान वर केली. "गेला" असं म्हणायचं होतं. तो शब्द तोंडातून निघेना. तो पुन्हा वाकला आणि पुन्हा रडू लागला. बर्फ त्याच्या पाठीवर पडत होता आणि अंगणात दुसरं कुणी नव्हतं. मुलगा रशियात, दादा आत. साऱ्या गावाने ज्याच्यासाठी एकदा रडून घेतलं होतं, त्याच्यासाठी आज एकटा भाऊ रडत होता, आणि लोक त्याला औषधं सांगत होते.

बुरुलचा दवाखान्यात चालली होती. आवाज ऐकून तीही फाटकाशी थांबली, पण ती हसली नाही आणि काही बोललीही नाही. ती बघत राहिली. उसण भरली की हा माणूस सगळा भार उजव्या पायावर टाकतो, डावा खांदा कानाशी नेतो आणि श्वास धरून ठेवतो. आत्ता दोन्ही पाय सारखे टेकलेले होते. श्वास पोटापासून येत होता. खांदे हलत होते, पण कंबर सरळ होती. तो वाकला होता तो खुब्यातून, तिने इतके महिने घसा फोडून शिकवलं होतं तसा, नीट.

तिने हातातली पिशवी बर्फातच ठेवली. डोक्यावरचा रुमाल सारखा केला, शार्शेनच्या बाजूने दारातून आत गेली, आणि आतून बाईमाणसाच्या रडण्याचा तो लांब सूर उठला, जो गावात कुणी कधी थट्टेत काढत नाही.

असेकच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू उतरलं. टोपी न घालताच तो रस्ता ओलांडून धावत आला. शार्शेनजवळ येताच त्याने हात पुढे केले आणि मध्येच थांबला. मग त्याला फार जपून, खांद्यांना धरून मिठी मारली.

"कमरेला धर," शार्शेन म्हणाला. "आता दुखत नाही."