कमलेशचा गोटा

कमलेशने डोकं भादरलं होतं आणि त्याचे आईबाप दोघंही ठणठणीत होते. एवढी साधी गोष्ट, पण मोहने गावात ती कुणाला पटवून द्यायची सोय नव्हती.

त्याचं लग्न वैशाखात होतं. जागृतीने त्याला पसंत केलं ते चुलतभावाच्या हळदीत, फेटा बांधलेला असताना. फेट्याखालचं पटांगण तिला कळलं तर काय, या एकाच धास्तीने त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेवटी घरी ऑफिसच्या ट्रेनिंगची थाप मारून त्याने घोडबंदर रोडवरचं क्लिनिक गाठलं. तिथे त्याचा आधी गोटा झाला. मग एका रोबोटने मागच्या केसांची मुळं एकेक करून उपटली आणि डॉक्टरांनी ती पुढे लावली.

"वैशाखापर्यंत छान उगवतील," डॉक्टर म्हणाले. "पण पाच दिवस टोपी नाही, रुमालही नाही."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, कमलेश गुपचूप परतला. नाक्यावर टपरीवाला भिवा मात्र जागा होता. लांबून त्याला गोटा दिसला. पोरगा डोकं कधी भादरतो हे भिवाला कुणी शिकवायला नको होतं. त्याने पाच-सहा फोन केले आणि कमलेश दारात पोचेपर्यंत ओट्यावर वीसेक माणसं गोळा झाली.

बाप काळुराम सकाळीच खडवलीला बहिणीकडे लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलेला. फोन घरीच चार्जिंगला. सखुबाईने लेकाचं डोकं पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप गळून पडलं.

"तुजा बापूस कुठं हाय रं?"

"आये, बाबांना काय नाय झालंय!"

"मंग डोकं कोनासाठी भादरलंस?"

कमलेश खरं सांगणार, तोच भिवाच्या फोनमुळे शहाडहून रिक्षा आली आणि तिच्यातून जागृती आणि तिचे वडील जगनशेठ उतरले. कमलेशची वाचाच बसली. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ सगळ्यांनी लावला आणि सखुबाईने हंबरडा फोडला.

"काल कालवनात मीठ जास्त म्हनाला, तर मी त्याला नाय नाय ते बोलले गो!"

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला खुद्द काळुराम उगवला. दारातली गर्दी आणि लेकाचा गोटा पाहून त्याने हातातली पिशवी टाकली आणि तो धावत सुटला.

"सखू! मला एकट्याला टाकून कशी गेलीस गो!"

सखुबाई ताडकन उठली. चाळीस वर्षांत चारचौघांत कधी हात न धरलेली ती दोघं आता एकमेकांचा हात सोडेनात. मग दोघांनी मिळून लेकाकडे पाहिलं.

कमलेशने सगळं सांगून टाकलं, रोबोटसकट. जागृतीकडे बघायची मात्र त्याची हिंमत झाली नाही.

"टक्कल आहे ते माहीत होतं मला," जागृती म्हणाली. "हळदीत त्या आजींना चक्कर आलेली, तेव्हा तुम्ही फेटा काढून त्यांना वारा घातलेला. मी समोरच उभी होते. घरी जाऊन तेव्हाच सांगितलं, हाच मुलगा."

कमलेशला हसावं की रडावं कळेना. काळुराम डोळे पुसत जवळ आला आणि लेकाच्या डोक्यामागचे लाल ठिपके न्याहाळू लागला.

"रं, त्या रोबोटला इचार," तो हळूच म्हणाला, "उपटलेलं परत मागं लावून देतो का?"