दोराची पाजणी

"आता जे सांगून राहिलो, थे कोनाच्या बापाले पटन नाही," असं लक्ष्मणराव म्हणाले आणि कौशल्याबाईंनी तांदळाचं सूप उचलून आत नेलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना एवढं पुरतं कळलं होतं, की या वाक्यानंतर जे येतं ते ऐकत बसलं तर चुलीवरची भाजी करपते.

ऐकायला उरली नात रंजिता. ती ओसरीवर निळा, करंगळीपेक्षा जाड दोर पसरून बसली होती.

"आंबागडच्या बुरुजापासून पार बपेऱ्यापर्यंत सूत ताणलं होतं मी. एकच सूत! आन् मंग थे सारं मनगटावर गुंडाळून घेतलं. गाठ म्हनशीन त एक बी नाही."

"मधात नाकाडोंगरी येते, आबा. तिथल्या लोकायनं सूत ओलांडलं कसं?"

"वाकून," लक्ष्मणराव म्हणाले. खोटं बोलताना अडखळणं हा त्यांच्या मते बोलण्याचा नव्हे, तर संस्काराचा दोष होता.

रंजिता हसली, पण तिचं लक्ष दोरात होतं. त्या दिवशी उन्हं कलल्यावर आंबागडच्या कड्यावर तिची परीक्षा होती. गिर्यारोहण शिकवणारे भूपेंद्र सर हिमालयातल्या शिबिरासाठी भंडारा जिल्ह्यातून एकाच मुलीचं नाव पाठवणार होते. सरांनी दिलेला दोर आठवडाभर सांभाळायचा, नीट गुंडाळून आणायचा आणि कड्यावरून असा फेकायचा की तो एकही गुंता न होता तळापर्यंत सुटत गेला पाहिजे. एवढं जमलं की हिमालय. नाही जमलं की घरचं आंधळगाव होतंच.

दोराचा मध्य धरून ती एक पट्टा तळहाताच्या डावीकडे टाकी, पुढचा उजवीकडे. दोन्ही बाजूंना फुलपाखराच्या पंखांसारखे वेढे लोंबू लागले.

"हे काय करून राहिली व?" लक्ष्मणरावांना राहवेना. "इकडे एक लोंबते, तिकडे एक लोंबते. दोर गुंडाळून राहिली का बैलाचे कान मोजून राहिली?"

"गोल गुंडाळला की दर वेढ्याले एक पीळ चढते, आबा. फेकला की गाठी पडतात. असा डावा-उजवा टाकला की पिळाले पीळ खाऊन टाकते."

"कोष्ट्याच्या घरी जलमली आन् सूत गुंडाळनं मास्तराकडून शिकली," लक्ष्मणराव छताकडे पाहून म्हणाले. तिथे त्यांचे पूर्वज बसत असावेत.

वेढा बांधून रंजितानं दोर ओसरीवरच्या खुंटीला अडकवला. मोहाडीला शिवायला दिलेले तिचे बूट आणायचे होते. तिथूनच सरांची जीप तिला घेणार आणि जाताजाता घरावरून दोर उचलणार, असं ठरलं होतं.

"आबा, दोराले हात नोका लावू."

"मी कायले हात लावू? मले दुसरे कामं नाहीत?"

खरोखरच दुसरी कामं नव्हती. माग बंद होऊन धूळ खात पडला होता. तिची सायकल कोपऱ्यावरून वळली आणि लक्ष्मणरावांनी दोर खुंटीवरून काढला.

त्यांचा हेतू चांगला होता. जगातली बहुतेक नुकसानं चांगल्या हेतूनंच सुरू होतात. वाईट हेतूचा माणूस निदान मोजकं नुकसान करतो. लक्ष्मणरावांनी फुलपाखरू सोडलं आणि तळहात ते कोपर, तळहात ते कोपर असा दोर गोल गुंडाळायला घेतला. सुतापुरती ही रीत झकास. पण हा दोर सूत नव्हता. वेढ्यागणिक त्यात पीळ चढत गेला आणि शेवटचा वेढा झाल्यावर दोर जमिनीवर ठेवला, तर तो धामणीसारखा वळवळून आपोआप मोरीपर्यंत गेला.

"ह्यात पीळ भरला," लक्ष्मणराव गंभीरपणे म्हणाले, जणू दोर आणणाऱ्यानंच भरून आणला होता.

पीळ काढायचा तर दोर ताणायला हवा. ताणायचा तर गल्लीत. म्हणून त्यांनी एक टोक आपल्या कडुनिंबाला बांधलं आणि दुसरं गल्लीच्या टोकाला, समोरच्या ओळीतल्या मारोतरावांच्या ओट्याच्या खांबाला.

मारोतराव जुने विणकर. दुपारच्या डुलकीतून त्यांनी एक डोळा उघडला, गल्लीत तिरपा ताणलेला दोर पाहिला आणि दुसराही उघडला. किती तरी वर्षांत त्या गल्लीत मागावर चढवायच्या उभ्या सुताचा ताणा लागला नव्हता.

"कोनाचा ताणा होय, लक्ष्मणराव?"

"नातीचा."

"कोरडाच काहून सोडला मंग? उन्हानं सूत तुटन ना! खळ कुठी हाय?"

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कोष्ट्याच्या गल्लीत ताणा लागला की त्याला तांदळाची खळ पाजायची, कुंच्यानं सारखी करायची आणि उन्हात कडक होऊ द्यायची. याला पाजणी म्हणतात. ताणा दिसला आणि पाजणी केली नाही, तर जुन्या विणकराला घास गिळवत नाही. हा ताणा सुताचा की नायलॉनचा, हा प्रश्न नंतरच्या पिढीचा.

शेजारची रुखमिणी गंजभर दाट पेज घेऊन आली. मारोतरावांनी आढ्यावरून कुंचा काढला आणि आंधळगावच्या रिवाजानं पेजेत चिमूटभर मोरचूद टाकला. कोणी खळ घोटू लागलं, कोणी "अरे, त्या अंगानं बी मार" म्हणून सांगू लागलं. सायकलवाले उतरून दोराखालून वाकून जाऊ लागले, तशी लक्ष्मणरावांनी घराकडे बघून हाक दिली, "पाहा व, वाकूनच जाऊन राहिले! मी म्हनत नव्हतो?"

"बापा, गोंदिया जिल्हा वेगळा झाला तवा बी एवढी गर्दी नव्हती गल्लीत," मारोतराव म्हणाले.

कौशल्याबाई दारात आल्या. "अहो, पोरीचा दोर होय ना थो! कायले पाजता?"

"जीव नव्हता त्याच्यात. पाय, आता कसा जीव आला."

जीव आलाच होता. चैत्राच्या उन्हात दोर बघता बघता वाळला आणि वाळून बांबूसारखा ताठ झाला. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी त्यावरून हात फिरवला. अशी पाजणी होत नाही आता, असं मारोतराव म्हणाले आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. मग चौघांनी मिळून तो वाकवला, त्याची लड घातली, लडीला मुरड दिली आणि कोंबून पिशवीत बसवला. एवढ्यात जीपचा हॉर्न वाजला.

"आबा, दोर?" रंजितानं जीपमधूनच विचारलं.

"बांधूनच ठेवला," म्हणत लक्ष्मणरावांनी पिशवी मागे चढवली आणि मागोमाग स्वतःही चढले. नातीची परीक्षा आणि आपली कारागिरी, दोन्ही त्यांना डोळ्यांनी पाहायची होती.

कड्यावर सरांकडे शिकणारी मुलं जमली होती. भूपेंद्र सर कमी बोलणारे, शांत गृहस्थ. "चल, रंजिता," ते म्हणाले.

रंजितानं पिशवी उघडली आणि तिचा चेहरा पडला. दोर तिच्याकडे पाहत होता, पण ओळख दाखवत नव्हता. सगळे वाट बघत होते. तिनं "दोर!" अशी हाळी दिली आणि फेकला.

दोर सुटला नाही. अख्खी लड एकसंध खाली गेली, खडकावर आपटली, टुणकन उडाली आणि बोरीच्या झुडपात फणा काढून उभी राहिली. गुंता मात्र एकही झाला नाही. लक्ष्मणरावांनी हे शेजारच्या मुलाला आवर्जून दाखवलं.

सरांनी लड वर आणवली, बोटांनी चाचपली आणि बाजूला ठेवली. "हा दोर आता कपडे वाळवायला." मग त्यांनी दुसरा दोर रंजितापुढे टाकला. "हा गुंडाळ. इथंच. माझ्यासमोर."

रंजिताचे हात चालू लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. फुलपाखरू झालं. तिनं सोडवून फेकलं आणि दोर पाण्याच्या धारेसारखा थेट तळाला गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"फेकला छान," सर म्हणाले. "पण पहिल्या दोराचं काय झालं? दोर राखणाऱ्यानं तो असातसा सोडून जायचा नसतो. बेफिकिरी असेल, तर मला नाव पाठवता येणार नाही."

रंजिताला उत्तर ठाऊक नव्हतं. पण कोणाला ठाऊक आहे, ते ठाऊक होतं. तिनं आजोबांकडे पाहिलं. लक्ष्मणरावांनी मनात हिशेब केला. खरं सांगावं, तर ओसरीवर उघडा टाकून गेली हे निघतं. पोरीचा हिमालय बुडतो. ते खाकरून पुढे झाले.

"सर, पोरीची गलती नाही. तिनं दोर खोलीत ठेवला, कुलूप लावलं, चाबी संगं नेली. आता पुढचं कोनाले पटन नाही... अस्वल आलं."

"आंधळगावात? दुपारी?"

"मोहाची फुलं खाऊन आलं होतं. त्याले कोनती दुपार आन् कोनती सांज! छपराचे कवेलू सारून खोलीत उतरलं आन् दोर चाटत बसलं. मोहाचा थुंका, सर. वाळला की सिमेंट."

"आणि गेलं कुठून?"

"वरूनच. जाताना कवेलू जसेच्या तसे लावून गेलं. पावसाळ्याची समज असते ना जंगलच्या जनावराले."

मुलं तोंडं दाबून उभी होती. रंजिता जमिनीत शिरायला जागा शोधत होती. सरांच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही.

"कुलूप होतं म्हणता. म्हणजे रंजिताची चूक नाही," ते म्हणाले. "तिचं नाव पाठवतो."

लक्ष्मणरावांनी टोपी काढून घाम पुसला. तोवर सरांनी लड पुन्हा उचलली होती. ती उन्हात धरून ते दोरावरच्या कुंच्याच्या बारीक, सरळ रेघा न्याहाळत होते. रेघांना किंचित हिरवट झाक होती.

"आबा, मी सोनकुसरे. मोहाडीच्या कोष्ट्याचा पोरगा," ते हळूच म्हणाले. "खळ किडू नये म्हणून यात मोरचूद घातलाय. म्हणजे हे अस्वल आंधळगावचंच. आमच्या मोहाडीची अस्वलं पाजणीत मोरचूद नाही घालत."