पांढऱ्या बाटल्यांचा मुरंबा

साबिराने उकळत्या हंड्यातून आवळ्याच्या मुरंब्याची अठ्ठेचाळिसावी बाटली चिमट्याने उचलून ओट्यावर ठेवली, तोवर पहिली बाटली वाळून पांढरी झाली होती. मग दुसरी, तिसरी. बघता बघता सगळी रांग अंगाला राख फासून बसली.

"साबिराबाई, हे तं बुरशी होय वो!" शेजारची रुखमा म्हणाली. बचत गटात साबिरा अध्यक्ष आणि रुखमा सचिव. वाईट बातमी आधी सांगायची हे सचिवाचं काम, अशी तिची समजूत होती.

"बुरशी आतून येते, बाहेरून नाई," साबिरा म्हणाली खरी, पण एक बाटली तिने नखाने खरवडून पाहिली. गेल्या साली चंद्रपूरच्या प्रदर्शनासाठी गटाने लोणचं घातलं होतं. तपासणीला आलेल्या मॅडमनी झाकण उघडलं, आत डोकावल्या आणि मूल गावच्या पन्नास बायांसमोर "बुरशी" एवढंच बोलल्या. त्यानंतर महिनाभर साबिरा बुरखा खाली ओढूनच बाजारात जायची. उद्या अकरा वाजता त्याच मॅडम येणार होत्या. यंदा स्टॉल मिळाला नाही तर आम्ही गट सोडतो, असं बाकीच्या बायांनी तोंडावर सांगितलं होतं.

दोघींनी बाटल्या बोअरिंगच्या पाण्याने धुतल्या. वाळल्यावर त्या जास्तच पांढऱ्या झाल्या. ओल्या फडक्याने पुसल्या, तर फडक्याच्या रेघा उमटल्या. फडकंच मळकं असेल म्हणून ते धुतलं, त्याच बोअरिंगवर. शेवटी साऱ्या बाटल्या पुन्हा तासभर उकळल्या, कारण उकळल्यावर सगळं मरतं असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. पांढरं काही मेलं नाही, उलट बाळसं धरलं.

संध्याकाळी साबिराचा नवरा गुलाम रसूल आला. तो तांदळाच्या मिलमध्ये बॉयलरवर होता. बाटल्या पाहून त्याचा चेहरा खुलला. वीस वर्षांच्या संसारात त्याला बॉयलरबद्दल घरात कोणी एक शब्द विचारला नव्हता.

"हे बुरशी नोहे, क्षार होय. आपलं पानी जड आहे. बॉयलरमंदी अशीच पपडी जमते. अन् तुमी काय करून राह्यल्या? क्षारानं क्षार धुऊन राह्यल्या!"

"मंग बॉयलरची पपडी कशी काढता, रसूलभाऊ?" रुखमाने विचारलं.

"छिन्नी-हातोडीनं."

साबिरा बाटल्यांच्या आडवी उभी राहिली.

"काचेले इमली चालंल," त्याने घाईने जोडून दिलं.

किलोभर चिंच हंड्यात पडली. बाटल्या तिसऱ्यांदा उकळल्या आणि बाहेर आल्या त्या अशा लखलखीत की रुखमाने त्यांत बघून टिकली सारखी केली. पण चिंचेने हंड्याच्या तळाची वीस वर्षांची पपडीही खाल्ली, आणि पपडीखाली हंडा असा फारसा उरला नव्हता. सात ठिकाणांहून धारा लागल्या. चूल फुसफुसत विझली.

"पपडीनंच धरून ठेवला होता बिचाऱ्याले," गुलाम रसूल आदराने म्हणाला. हंडा साबिराच्या माहेरचा होता. तिला रडू येत होतं, पण लखलखीत बाटल्यांकडे पाहून तिने ते उद्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बाटली उन्हात धरली आणि भुवया चढवल्या. "कुठल्या फॅक्टरीतून आणल्या?"

"घरीच केल्या जी!"

"मूलच्या पाण्यात उकळलेली बाटली इतकी स्वच्छ? माझ्या घरची बादली येऊन बघा. विकतचा माल घरचा म्हणून खपवता?"

साबिराने चिंचेची हकीकत सांगितली.

"करून दाखवा."

आता पंचाईत झाली. दाखवायचं कशावर? पांढरी बाटली एकही उरली नव्हती. जे काढायला काल दिवस घातला, तेच आज आणायचं होतं. रुखमाच्या पातेल्यात साध्या पाण्यात एक बाटली उकळून उन्हात ठेवली आणि मॅडमसकट सगळे तिच्याभोवती उकिडवे बसले.

"येऊन राह्यलं का?"

"थांबा ना जी, लाजून राह्यलं."

काचेच्या कडेला पहिला पांढरा ठिपका उमटला. "आलं! आलं जी!" साबिरा ओरडली आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मग गुलाम रसूलने चिंचेच्या कोळाने ते पांढरं काढूनही दाखवलं. मॅडमनी मान डोलावली, पेन उघडलं आणि थांबल्या.

"म्हणजे सीलबंद मुरंबा तुम्ही पुन्हा उकळला?"

"एकडाव नाई जी, सारे मिळून तीन डाव," सचिवांनी माहिती पुरवली. साबिराने तिला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

मॅडमनी झाकण फिरवलं. आत अख्खा आवळा एकही नव्हता. उकळून उकळून सगळे एकमेकांत विरले होते आणि मधे मोकळ्या बिया फिरत होत्या. मॅडमनी चमचाभर चाखलं. मग आणखी एक चमचा घेतला. तिसऱ्या वेळी बी अलगद बाजूला काढली.

"मुरंबा म्हणून हे बाद," त्या म्हणाल्या. साबिरा झाकण लावायला पुढे झाली. "जॅम म्हणून मात्र... तुम्ही नेमकं काय करत होतात?"

साबिराने 'आवळा मुरंबा' छापलेल्या लेबलांचा गठ्ठा पाठीमागे लपवला. "जॅमच जी."

"जॅममध्ये बिया?"

"घरचा आहे नं जी," साबिरा म्हणाली. "फॅक्टरीवाले काढून टाकते."