धोंडीनानांची बीर आंबते

धोंडीनाना दारात आलेल्या माणसाला 'या' म्हणण्याआधी त्याचा हात हुंगत. पाटील असो की पाहुणा, उंबऱ्याबाहेर उभं राहून तळहात पुढं करायचा. नाना डोळे मिटून नाक लावत आणि निकाल देत, "लोनचं खाल्लंय. जा, राखंनं हात धुऊन ये." मुलीसाठी स्थळ बघायला वरव्याला गेले तेव्हा त्यांनी जमीन किती हे विचारलं नाही, बैल बघितले नाहीत. मुलाचा हात हुंगला आणि घरी येऊन सांगितलं, "पोरगा सवच्छ हाय." लग्न झालं. जावई खरोखरच चांगला निघाला.

ह्या सगळ्याला कारण बीर.

मार्गासनीत आमचं आणि नानांचं घर भिंतीला भिंत लागून. नानांनी उमेदीची वर्षं पुण्यात काढली होती. तिथं गोऱ्या सोजिरांसाठी बीर करणाऱ्या एका कारखान्यात ते पिंपं धुवायला आणि धुतलेली हुंगून बघायला होते. बीर कशी करतात हे त्यांनी लांबून पाहिलं होतं. पिंप कसं धुतात, हे मात्र फार जवळून. हातपाय थकल्यावर गावी परतले ते एक जुनं लाकडी पिंप बैलगाडीत घालून, आणि त्यांनी घरी नाचणीची बीर करायला घेतली.

नाचणीला मोड आणायचे, वाळवून भरडायची, तांब्याच्या हंड्यात उकळायची, कडूपणासाठी काडेचिराइताची मूठ टाकायची. मग गाळून, निववून पिंपात ओतायची आणि पुण्याच्या पाववाल्याकडून आणलेलं खमीर घालून वर फडकं बांधायचं. इथपर्यंत सगळं ठीक होई. चार-आठ दिवसांनी नाना फडकं सोडून एक घोट घेत, तोंडात बराच वेळ फिरवत आणि म्हणत, "त्यो शिरलाय."

'त्यो' म्हणजे बीर नासवणारा. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. गावात बोलबाला झाला की नानांच्या घरात काहीतरी आहे. भावकीनं आपल्या खर्चानं देवऋषी आणला. नानांनी त्याचाही हात हुंगला आणि अंगारा धुऊन यायला सांगितलं. तो विहिरीकडं म्हणून गेला तो परत आला नाही.

नाना मात्र नेटानं शोध घेत राहिले. बिरीला धुराचा वास आला, तेव्हा त्यांनी चूल परसात नेली, आणि काकी, म्हणजे त्यांची बायको, अख्खा पावसाळा डोक्यावर इरलं घेऊन भाकरी थापत राहिल्या. कुबट वास आला, तेव्हा घरातली सगळी पोती जाळली. एकदा कुजक्या अंड्याचा वास आला. नानांनी आळीतल्या कोंबड्यांवर संशय घेतला आणि तो चारचौघांत बोलून दाखवला. फसलेली बीर ते म्हशीला पाजत. त्या दिवसांत म्हैस फार समाधानी दिसे.

अशानं धूर गेला, कुबटपणा गेला, अंडं गेलं. राहिला तो आंबटपणा. तो काही केल्या हटेना.

मधेच संस्थानचा अबकारी शिपाई आला. घरात दारू गाळतात अशी कुणीतरी चुगली केली होती. त्यानं हात हुंगू दिला, आत गेला, पिंपातली वाटीभर बीर प्यायला आणि तोंड पुसत म्हणाला, "ही दारू न्हाई."

"मग काय हाय?" नानांनी विचारलं.

"आंबील असंल. बायामान्सांची."

नाना त्याच्या आडवे उभे राहिले. म्हणाले, "नीट चव घ्या. म्या गुन्हा केलाय. माझ्यावर खटला भरा."

शिपायानं दुसरी वाटी घेतली नाही. निर्दोष सुटल्याचं दुःख नानांना कितीतरी दिवस पुरलं.

आंबटपणाचं कारण आमच्या आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पिंप ठेवलेल्या खोलीतच, त्याच्या डोक्यावर, काकींचं दह्याचं शिंकं होतं. दह्याजवळ ठेवलेलं काहीही आंबायचंच. बरं, ते दहीसुद्धा साधं नव्हतं. काकी हिर्डोशीच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा आईनं लोटीत विरजण बांधून दिलं होतं. ते त्यांनी एक दिवसही मोडू दिलं नव्हतं. कालच्या दह्यातलं चमचाभर आज, आजच्यातलं उद्या, असं ते इतकी वर्षं चालत आलेलं. काकींसमोर त्याला नावं ठेवायची आळीत कुणाची छाती नव्हती.

मी नानांना एकदा सांगून पाहिलं, "नाना, ते शिंकं जरा पलीकडच्या खोलीत टांगलं तर?"

नाना आढ्याकडं बघत म्हणाले, "उंदीर असंल."

त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटून मी पुन्हा सांगितलं. त्यावर ते घुशींविषयी बोलू लागले. आयुष्य पिंपं धुण्यात घातलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट दिसू नये, ह्याची मला तेव्हा कीव आली.

एका हिवाळ्यात वरव्याच्या लेकीचं दुसरं बाळंतपण आलं. तिला सासू नव्हती, म्हणून काकी गेल्या. विरजण मागं ठेवलं तर नाना त्याची हेळसांड करतील, म्हणून लोटी बरोबर नेली. नानांनी रिकाम्या घरात बीर लावली.

काही दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. माझा हात न हुंगताच पेला पुढं केला. मी प्यालो. गार, कडसर आणि मागं नाचणीची जराशी गोडी. आंबटाचं नाव नव्हतं.

"नाना, जमलं की."

नाना पिंपाशेजारी उकिडवे बसले होते. म्हणाले, "कुणाला बोललास?"

"न्हाई अजून."

"मग बोलू नगंस."

मी 'का' म्हणून विचारलं. ते म्हणाले, "सदा, तुजी काकी लई हुशार बाई हाय. बीर बरी झाली म्हनलं, तर का झाली ते इच्यारंल. मंग तिच्याच ध्यानात यील. शिंकं हलवंल, न्हाईतर दही लावायचंच बंद करंल. तिची आई गेली. भाऊ मुंबैला गेला, हिर्डोशीच्या घराला कुलूप हाय. म्हायेरचं म्हनून तिच्यापाशी त्येवढंच ऱ्हायलंय."

"म्हणजे तुमाला ठावं होतं?"

"पयल्या बारीलाच," नाना म्हणाले. "आंबटाचा वास वळखायचाच पगार खात व्हतो न्हवं म्या?"

मग आम्ही ती बीर म्हशीपुढं ठेवली. तिनं तोंड फिरवलं. तिला ती चव ओळखीची नव्हती. शेवटी आम्ही दोघं बसून जमेल तेवढी प्यालो आणि उरलेली परसातल्या केळींना घातली. ओतताना नाना माझ्याकडं पाठ करून उभे होते.

काकी परतल्या त्या दिवशी नाना सकाळपासून रस्त्यावर जाऊन उभे होते. गाडी आली. उतरायला हात मोकळे हवेत म्हणून काकींनी आधी लोटी नानांकडं दिली. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

खाली उतरून काकींनी पदर सारखा केला आणि पहिलं विचारलं, "कशी झाली बीर?"

"आंबली."

काकींचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "व्हनारच की. म्या न्हवते, घरात कुनाचं ध्यान असनार?"

"त्येच झालं," नाना म्हणाले. "तू न्हवतीस."