सोनवण्यांचं ऊन

मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी, चिखलीतल्या आमच्या सोसायटीच्या सभेत, एकोणतीस सभासदांसमोर, मी खजिनदार या नात्याने सोनवण्यांकडे शून्य रुपयांचा खुलासा मागितला. रक्कम बरोबर लिहिली आहे. शून्य.

आधी सोनवणे कोण ते सांगतो. चाकणच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त. लिफ्टमध्ये भेटले की नमस्काराऐवजी विचारतात, "काल आमचं ऊन पोचलं का?" आमच्या गच्चीवर ज्याचे त्याचे सौर पॅनेल आहेत आणि उरलेली वीज सभासद एकमेकांना विकतात. सोनवण्यांच्या मते ते वीज नाही, ऊन विकतात. आमच्या हिने एकदा त्यांना डोसे पाठवले, तर चाखून म्हणाले, "ऊन चांगलं लागलंय." मिक्सर आमचा, पीठ आमचं, कौतुक उन्हाचं.

ह्या विक्रीची नोंद ब्लॉकचेनवर होते. म्हणजे एकाच वहीच्या प्रती सगळीकडे. एकीत खाडाखोड केली तर बाकीच्या ती मानत नाहीत. कंपनीच्या माणसाने हे तासभर समजावलं, पण कोणाला कळेना. मग सोनवणे उठले. "लग्नात आहेर पुकारतात का नाही माईकवर? सगळ्या मांडवानं ऐकलं. आता कोण नाकारतंय?" सगळ्यांना कळलं. कंपनीच्या माणसाने ते वाक्य लिहून घेतलं.

खात्याला नाव ज्याने त्याने द्यायचं. बहुतेकांनी आडनाव दिलं, एकाने 'ढाण्या वाघ'. नोंदी तपासताना मला दिसलं की सोनवणे रोज दुपारी 'शालन' नावाच्या खात्याला शून्य दराने वीज देतात. फुकट कोण कशाला देईल? हे आतून रोख घेत असणार, असं मी धरून चाललो. शिवाय शून्याने विक्री झाली तर बाकीच्यांचा भाव पडतो. म्हणून मी सभेत त्या नोंदी पडद्यावर लावल्या.

सोनवणे म्हणाले, "नजरचूक झाली असंल, खजिनदार."

"रोज दुपारी नजरचूक?" मी म्हणालो. सभा हसली. हसू आलेलं मला आवडलं, हेही लिहून ठेवतो.

शेजारी बसलेल्या अध्यक्षबाईंनी माझी बाही ओढली. "अहो, शालन म्हणजे सोनवणेवहिनी. त्या जाऊन तीन वर्षं झाली."

तेवढ्यात मागच्या रांगेतून सोनवण्यांचा मुलगा उठला. तो सी विंगमध्ये राहतो. आईच्या दशक्रियेपासून बापलेक बोलत नाहीत. कारण सगळ्या सोसायटीला माहीत आहे, म्हणजे नक्की कोणालाच नाही. आईचं नाव त्याने खात्याला दिलं होतं. "खातं माझं आहे," तो म्हणाला. "काय दर असेल तो लावा. मी देईन." बापाकडे न बघता तो निघून गेला.

मी तिथेच थांबू शकलो असतो. पण ठराव लिहून आणला होता. युनिटला किमान तीन रुपये, त्याखाली विक्री बंद. हात वर झाले. सोनवण्यांनीही केला. नियम त्या ब्लॉकचेनमध्ये एकदा घातला की आपोआप चालतो. पुढच्या वार्षिक सभेपर्यंत कोणालाच बदलता येत नाही, मलाही नाही.

दोन दिवसांनी मी माफी मागायला गच्चीवर गेलो. सोनवणे ओल्या फडक्याने पॅनेल पुसत होते. मी बोलायला सुरुवात केली, तर मलाच बादली धरायला लावली.

"त्याला दिसत होतं हो, कोण देतंय ते," ते म्हणाले. "दिवाळीचा डबा पाठवला तर परत यायचा. हे मात्र घेत होता. बंद करता येत होतं, केलं नाही त्यानं." फडकं पिळून ते पुढच्या पॅनेलकडे वळले. "आता गिऱ्हाईक झाला."

त्यांनी माझ्या हातून बादली घेतली आणि उन्हात उभे राहू नका म्हणाले.

महिनाअखेरीस मी हिशेब जुळवला. 'शालन' खात्याकडून सोनवण्यांच्या खात्यात सत्तेचाळीस युनिटचे एकशे एक्केचाळीस रुपये जमा झाले. पूर्ण आणि वेळेवर.