विश्वासची भीती

आमच्या शेजारचा विश्वास दिव्याचं बटण बंद करण्याआधी घरभर हाक देतो, "बंद करू का?" घरात एकटा असला तरी देतो. उत्तराची वाट बघतो, मग भीत भीत बटण दाबतो.

जळकोटात बसून हा माणूस कर्नलवर, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या अगदी मुळातल्या प्रोग्रामवर, काम करतो. म्हणजे काय, हे त्याने मला, शाळामास्तराला, कितीदा तरी समजावलं. दोन कॉम्प्युटर बोलतात त्या जोडणीला सॉकेट म्हणायचं. किती वेळ वाट बघायची, कधी तोडायचं, अशा सूचना तिला देता येतात. त्यांना ऑप्शन म्हणायचं. हे ऑप्शन तपासायचा तोच तो कोड जागोजागी नकलून ठेवलेला. विश्वासने तो एका जागी आणायचा. मला हे स्वयंपाकघर आवरण्यासारखं वाटलं, त्याला मात्र घाम फुटायचा.

भ्यायला त्याला काहीही पुरतं. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत होतं आणि आमच्या गल्लीत टँकरचा भरवसा नव्हता. त्यातच लातुरातून फुटून उदगीर जिल्हा होणार आणि आमचं जळकोट त्यात जाणार अशी हवा उठली. आम्ही पेढ्यांच्या गोष्टी करत होतो, तर हा विचारतो, "सर, जिल्हा बदलला तर टँकरवाल्याला आपली गल्ली सापडंल का?"

अशात एक जुना ऑप्शन काढून टाकायचं ठरलं. तो कुणी वापरत नाही, असं सगळ्यांचं मत. विश्वासला अन्न गोड लागेना. कुठल्या तरी दवाखान्यातलं जुनं यंत्र त्याच्यावरच चालत असलं तर? शेवटी त्याने तो काढला, नवं कर्नल जगभर गेलं, आणि हा तक्रारीची वाट बघत बसला. मोबाईलवर मेल आली की दचकायचा.

उन्हाळा सरला तरी एकही तक्रार आली नाही. मी कौतुक करायला गेलो, तर गडी भिंतीला टेकून बसलेला, तोंड उतरलेलं. आता रे कसली भीती, मी विचारलं.

पाण्यापायी त्याने बायकोला आणि लेकीला पुण्याला मेहुण्याकडे पाठवलं होतं. दोघींना तिथं करमलं होतं. फोन कमी होत होत थांबलेच होते.

"इतकं जुनं काढलं, सर, अन् कुणाला कळलंबी न्हाई," तो म्हणाला. मग मोबाईल माझ्यापुढे धरला. "तुम्हीच लावा. मी लावला अन् पोरीनं उचललाच न्हाई तर?"

मी नंबर लावला. रिंग वाजत राहिली, आणि त्याच्याइतकाच मीही घाबरलो.