पान अकरा, नियम चौथा

मी आयुष्यात कुणालाही आव्हान दिलेलं नाही. ग्रंथालयात छत्तीस वर्षं काढली. पुस्तक महिनाभर उशिरा आणणाऱ्यालाही मी "काही गडबड नव्हती हो" असंच म्हणायचो. पण त्या रविवारी सकाळी, सांगायला संकोच वाटतो, माझी पक्की खात्री होती: आज गुंडूअण्णा पैलवानांना मी आडवं करणार!

कारण मी वाचून आलो होतो.

गुंडूअण्णा म्हणजे माझ्या सुनेचे, प्रियदर्शनीचे, वडील. गारगोटीकडचे. एके काळी मैदानं गाजवलेला माणूस, अजूनही दारातून येताना आडवा होऊन येतो. त्यांनी दातांचं काम काढलं आणि दोन महिने आमच्याकडं राहायचं ठरलं. इथवर ठीक होतं. पण सून म्हणाली, "बाबा, मागची खोली अण्णांना देऊया. तुमची पुस्तकांची कपाटं वर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू."

पत्र्याच्या शेडमध्ये! तिथं पावसाळ्यात छत्रीसुद्धा भिजते. मी "नको" म्हणणार होतो. चार दिवस म्हणणारच होतो. शेवटी नात राजनंदिनीजवळ हळूच म्हणालो, "तू जरा अण्णांना विचारशील का, खोलीचं काही दुसरं जमतंय का?"

ती कॉलेजला जाणारी मुलगी. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अण्णाआजोबा, आमचे आजोबा म्हणतात, फायटिंग लावा. जिंकेल त्याची खोली!"

माझ्या हातातला चहा बशीत आणि बशीतला धोतरावर गेला.

गुंडूअण्णांनी माझ्याकडं वरून खाली पाहिलं. त्यात फारसा वेळ गेला नाही, माझं वजन अठ्ठेचाळीस किलो आहे.

"पावणं, माझ्याशी? तुमी?"

"टीव्हीवर हो!" राजनंदिनी म्हणाली. "माझ्या बाबांचा लहानपणीचा टीव्ही गेम सापडलाय माळ्यावर. कराटेची कॅसेट आहे त्यात. चालू पण होतोय!"

"मग ठरलं की!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. "कुस्तीला बोलवलं आन् गुंडू गेला न्हाई, असं आजवर झाल्यालं न्हाई!"

त्या डब्यात खेळाची इंग्रजी माहितीपुस्तिका होती. ती मी तीन दिवसांत मराठीत उतरवून काढली. चाळीस पानी वही, पानांना आकडे, शेवटी विषयसूची. फिरती लाथ, पान सहा. उडती लाथ, पान आठ. वाकून पायावर लाथ, पान नऊ. सराव मात्र जमला नाही, कारण खेळाचं ते रिमोट हातात घेतलं की माझा अंगठा भलत्याच बटणावर पडायचा. पण वही तोंडपाठ झाली होती. निदान पान अकरापर्यंत.

तिकडं गुंडूअण्णांनी सराव म्हणून एकच गोष्ट केली. ते गल्लीतल्या तालमीत गेले आणि सांगून आले, "रविवारी आमच्या पावण्यांसंगं जोड लागलीया."

टीव्हीचा उल्लेख करायचा राहून गेला!

रविवारी दहा वाजता दार उघडतो तर बाहेर पंधरा-वीस माणसं. पुढं तालमीतला सम्राट नावाचा पोरगा, गळ्यात हलगी. "सर, मैदान कुठं हाय? परसात का?" त्याच्या मागून एक म्हातारे गृहस्थ मला बघून म्हणाले, "घरच्यांची परवानगी हाय न्हवं?"

मी टीव्हीकडं बोट केलं. राजनंदिनीनं सगळ्यांना आत घेतलं. माणसं सतरंजीवर, सोफ्यावर, खिडकीत, आणि दोघं तर माझ्या मागच्या खोलीत कपाटांना टेकून. माझी चौदाशे पुस्तकं त्यांच्या पाठीमागून माझ्याकडं बघत होती. सम्राटनं हलगीवर काठी टाकली. त्या चौकोनी खोलीत तो आवाज असा घुमला की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

पडद्यावर दोन लढवय्ये. पांढरा माझा, तांबडा त्यांचा. वर दोघांच्या ताकदीच्या पट्ट्या, मध्ये साठ सेकंदांचं घड्याळ. तीन फेऱ्या, दोन जिंकेल तो जिंकला.

घंटा झाली. गुंडूअण्णांनी रिमोट खाली ठेवलं आणि माझ्यापुढं हात केला.

"पयली सलामी!"

आता हात पुढं केलेल्या माणसाला लाथ कशी मारायची? मी हात मिळवला. माझा पंजा त्यांच्या पंजात दिसेनासा झाला.

"आजोबा, घड्याळ चालू आहे!" राजनंदिनी ओरडली.

तोवर अण्णांनी रिमोट उचलून सगळी बटणं एकाच तळव्यानं दाबली होती. तांबडा माणूस एकाच वेळी उडाला, फिरला, वाकला आणि गुद्दे मारू लागला. मी 'बचाव' शोधायला विषयसूची उघडली. ब, बचाव, पान चार. पान चार मिळेपर्यंत माझा माणूस उताणा!

"एक गेली!" सम्राटनं हलगी कडाडवली.

दुसऱ्या फेरीत मी वही मिटली, कोपरा धरला आणि पान नऊ सुरू केलं. वाकून पायावर लाथ. परत वाकून पायावर लाथ. परत तीच. तांबडा जवळ यायचा आणि लाथ खायचा.

"पावणं, एकच डाव किती वेळा लावतायसा?" अण्णा वैतागले.

मी मोजत होतो. सोळाव्या लाथेला त्यांची पट्टी रिकामी झाली आणि तांबडा पाठीवर पडला.

"सर, नादखुळा!" खिडकीतून कुणीतरी शिट्टी मारून ओरडलं. माझ्यासाठी शिट्टी! चौऱ्याहत्तर वर्षांत पहिली!

तिसरी फेरी. हलगी थांबली. मागच्या खोलीत कपाटाचं दार कुरकुरलं, तेवढाच आवाज. माझा घाम चष्म्यावर उतरला. अण्णांना आता कोपऱ्याची युक्ती कळली होती. ते लांबूनच उड्या मारत होते. माझी पट्टी निम्मी झाली. मग निम्म्याची निम्मी. घड्याळात तीस. मला पत्रा दिसू लागला, पत्र्यावरून ठिबकणारं पाणी दिसू लागलं, बांधणीतून सुटलेली पानं दिसू लागली. डोळे मिटले आणि पान आठ दाबलं.

उडती लाथ! थेट छातीत! तांबडा हवेतून गेला आणि धाडकन पाठीवर पडला.

गुंडूअण्णांनी रिमोट खाली ठेवलं. दोन्ही हात जोडले.

"पाठ लागली. कुस्ती संपली. पावणं, तुमी जिकलासा!"

हलगी पेटली. सम्राटनं मला कमरेला धरून अर्धं वर उचललं. आणि त्या उंचीवरून मला पडदा दिसला. तांबड्याची पट्टी अजून शिल्लक होती, माझ्याहून बोटभर जास्तच. तो उठून उभा राहत होता.

"आजोबा, दाबा! एक लाथ मारा की!" राजनंदिनी बोटं नाचवत होती.

एक बटण. पण समोर हात जोडून उभा असलेला माणूस! आणि न मारता गप्प बसावं, तर एका साध्या माणसाला नियम माहीत नाही म्हणून मी खोली लाटली असं होणार. छत्तीस वर्षं लोकांना 'नियम फळ्यावर लिहिलेत' असं सांगणारा मी!

"थांबा!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा माणसांसमोर ओरडलो. हलगी बंद झाली. मी खाली उतरलो, चष्मा पुसला, वही उघडली.

"पान अकरा, नियम चौथा. 'लढवय्या आडवा पडला म्हणजे हरला असे नव्हे. ताकद शिल्लक असल्यास तो आपोआप उठतो व लढत पुढे चालू राहते.'"

"काय म्हणालासा?" अण्णा जवळ आले. "दात काढल्यापास्नं ह्या कानाला जरा कमी येतंय. परत वाचा की."

मी परत वाचलं. सावकाश, स्वल्पविरामाला थांबून.

"म्हंजे मी अजून हरल्यालो न्हाई?"

"नाही. रिमोट घ्या. आपण पुढं..."

"आजोबाऽऽ!" राजनंदिनी किंचाळली.

टण्ण! पडद्यावर तांबडा दोन्ही हात वर करून नाचत होता.

"असं कसं?" सम्राट म्हणाला. "ह्याला तर कुणी हातच लावला न्हाई!"

मी पान उलटलं. पान बारा, नियम पहिला. 'वेळ संपल्यास ज्याची ताकद अधिक तो विजयी.' खाली तांबड्या शाईची रेघ. अक्षर माझंच.

कपाटं शेडमध्ये गेली नाहीत, हे सांगितलं पाहिजे. सून हलवायला निघाली तेव्हा गुंडूअण्णा दारात आडवे उभे राहिले.

"खोली मी जिकलोय. आतलं समदं माझं!"

आता दुपारी ते आत पडून पुस्तकं वाचतात. मला वाचायला काही हवं असेल तर दार वाजवावं लागतं. एका वेळी एकच पुस्तक मिळतं. माझ्याच वहीच्या मागच्या पानावर ते तारीख लिहितात आणि विचारतात, "कवा आणून देणार?"

काल मला एक दिवस उशीर झाला.

"काही गडबड नव्हती ना?" मी विचारलं.

"व्हती की!" म्हणाले, आणि दंड म्हणून एक फेरी खेळायला लावली. या खेपेला मी सलामी न देताच बटण दाबलं.

टीव्ही अजून बंदच होता.